फॅटच्या रकान्यात ३८ घुसलं कसं? अटीवरचं डेटा व्हॅलिडेशन पुन्हा पुन्हा का मोडतं

गावातल्या एका दूध संकलन केंद्राची एक्सेल फाइल गेली काही वर्षं मी सांभाळतो. फाइल साधीच आहे: तारीख, सत्र, उत्पादकाचा कोड, जनावर, लिटर, फॅट, सीएलआर (लॅक्टोमीटरचं दुरुस्त केलेलं रीडिंग), त्यावरून निघणारा एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. अट एकच. जनावराच्या रकान्यात 'गाय' असेल तर फॅट ३ ते ५.५ मध्येच बसलं पाहिजे, 'म्हैस' असेल तर ५ ते १० मध्ये. दुधाच्या दराचा पायाच वेगळा, गायीला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीला ६ आणि ९. त्यामुळे जनावर चुकलं की दर चुकतो आणि दहा दिवसांनी बिल वाटताना दारात भांडण उभं राहतं.

'डेटा व्हॅलिडेशन' ही एक्सेलची सोय सेलमध्ये काय टाकता येईल ते ठरवते. तिच्यातून नियम लावला, तपासला, चालला. आणि दर दोन महिन्यांनी तीच तक्रार: "दादा, नियम लावलाय ना? मग हे कसं घेतलं त्यानं?" एकदा तर गायीच्या फॅटला चक्क ३८ पडलं होतं. ३.८ मधला दशांशबिंदू राहिला. शीटनं तक्रार केली नाहीच, वर दरपत्रकातला सगळ्यात शेवटचा, म्हणजे ५.५ फॅटचा दर निमूटपणे लावून टाकला. व्ही-लुकअपला (यादीतून दर शोधणाऱ्या फंक्शनला) अचूक जुळणी मागितली नाही तर तो असाच वागतो, आकडा यादीच्या बाहेर गेला की शेवटची ओळ हातात देतो.

दर वेळी मला वाटायचं की सूत्र चुकलंय. सूत्र क्वचितच चुकलेलं असायचं. चुकायची ती माझी समजूत. डेटा व्हॅलिडेशन म्हणजे रकान्यावर बसवलेला कायमचा पहारा असं मी धरून चाललो होतो. खरं तर तो दारावरचा माणूस आहे. तोही फक्त पुढच्या दारावरचा, आणि आत गेलेल्याकडे परत वळून न बघणारा.

पुढं सूत्रं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. शीटमध्ये फंक्शनची आणि रकान्यांची नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकडेही इंग्रजीत टाका. माझ्या फाइलीत जनावर 'डी' रकान्यात, लिटर 'ई' मध्ये, फॅट 'एफ' मध्ये आणि रक्कम 'जे' मध्ये आहे. पहिली ओळ शीर्षकांची.

आधी मूळ नियम. फॅटचे सेल निवडा, 'डेटा' टॅबमध्ये 'डेटा व्हॅलिडेशन', तिथं 'अलाऊ' मध्ये 'कस्टम', आणि सूत्र:

=इफ($डी२="गाय", अँड(एफ२>=३, एफ२<=५.५), इफ($डी२="म्हैस", अँड(एफ२>=५, एफ२<=१०), फॉल्स))

उत्तर 'ट्रू' आलं की नोंद आत, 'फॉल्स' आलं की अडवली. हे बरोबर असूनही मोडतं, ते का ते बघू.

पहिला संशयित: 'इग्नोर ब्लँक'

खिडकीत 'इग्नोर ब्लँक' नावाची बारीक चौकट असते आणि तिच्यावर खूण आधीपासूनच केलेली असते. नावावरून वाटतं, रिकामा सेल राहिला तर चालेल, एवढाच तिचा अर्थ. माझंही तसंच झालं. पण सूत्रात ज्या दुसऱ्या सेलचा उल्लेख आहे तो रिकामा असला तरी ही खूण लागू होते, आणि मग एक्सेल काहीही आत घेतं. आमच्या संकलकाची सवय अशी की यंत्रावर फॅट दिसलं की ते आधी टाकायचं, जनावर मागून. फॅट टाकताना 'डी' रिकामा, म्हणजे नियम गप्प. ३८ याच वाटेनं आत आलं होतं.

उपाय एका टिचकीचा: खूण काढून टाका. आता जनावर रिकामं असेल तर वरचं सूत्र शेवटच्या 'फॉल्स' वर जाऊन थांबतं आणि फॅट घेतच नाही. म्हणूनच तो शेवटचा 'फॉल्स' मुद्दाम लिहिलाय. बरेच जण तिथं 'ट्रू' लिहितात, "बाकी काही असलं तर जाऊ दे" म्हणून. आणि नेमकं ते बाकी काहीच जातं. 'एरर अलर्ट' मध्ये आपला संदेश लिहायला जागा असते, तिथं मी लिहिलंय: "आधी गाय की म्हैस ते भरा, मग फॅट. दशांशबिंदू बघा." एक्सेलचा मूळचा कोरडा इंग्रजी संदेश वाचून पहाटे पाच वाजता कुणाला काही कळत नाही.

त्याच खिडकीत अलर्टचे तीन प्रकार आहेत: स्टॉप, वॉर्निंग, इन्फर्मेशन. अडवतो तो फक्त 'स्टॉप'. बाकी दोघांत माणसानं 'येस' किंवा 'ओके' दाबलं की नोंद आत. घाईत माणूस तेच दाबतो.

दुसरा: सूत्र भलत्याच ओळीकडे बघतंय

हा दोष शोधायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. सेल निवडताना माऊस खालून वर ओढला, एफ२००० पासून एफ२ पर्यंत. निवड तीच दिसते. पण सूत्रातला संदर्भ मोजला जातो तो सक्रिय सेलपासून, म्हणजे निवडीत जो एक पांढरा राहतो त्याच्यापासून. मी खालून सुरुवात केल्यामुळं तो एफ२००० होता. मी लिहिलेलं 'एफ२' एक्सेलनं "माझ्यापासून १,९९८ ओळी वर" असं समजून घेतलं. मग एफ३ च्या नियमात काय असेल? वर तेवढ्या ओळीच नाहीत, म्हणून संदर्भ गोल फिरून शीटच्या तळाशी गेला. एक्सेलच्या शीटला १०,४८,५७६ ओळी असतात, त्यांच्या शेपटाकडच्या कुठल्या तरी रिकाम्या सेलकडे माझा नियम बघत बसला होता. रिकामा सेल आणि वर 'इग्नोर ब्लँक' ची खूण. दोन्ही चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या, त्यामुळं ना एरर, ना इशारा.

तपासायला सोपं आहे. मधल्याच एखाद्या सेलवर, समजा एफ१५० वर जा आणि डेटा व्हॅलिडेशन उघडा. सूत्रात डी१५० आणि एफ१५० दिसलं पाहिजे. दुसरा कुठला आकडा दिसला तर नियम पुसून, वरच्या सेलपासून निवड करून नव्यानं लावा. आणि 'डी' च्या आधी डॉलर, आकड्याच्या आधी नाही. डॉलर आकड्याआधी पडला तर सगळ्या ओळी दुसऱ्या ओळीतल्या गायीकडे बघून चालतात.

तिसरा, आणि सगळ्यात मोठा: पेस्ट

नियम फक्त हातानं टंकलेल्या नोंदीला लागतो. पेस्ट केलेल्या नोंदीला नाही, खाली ओढून भरलेल्या नोंदीला नाही, मॅक्रोनं टाकलेल्या आकड्याला नाही. एक्सेलची घडणच तशी आहे, त्याला बिघाड म्हणता येत नाही.

त्यातही दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक कळणं महत्त्वाचं. व्हॉट्सअॅपवरून आलेला मजकूर पेस्ट केला, किंवा 'पेस्ट स्पेशल' मधून फक्त 'व्हॅल्यूज' टाकल्या, तर आकडा तपासला जात नाही पण नियम जागेवर राहतो. उद्या त्या सेलमध्ये कुणी टंकलं तर तो पुन्हा अडवेल. पण दुसऱ्या सेलवरून साधं कॉपी-पेस्ट केलं, तर ज्या सेलवरून उचललं त्याचा नियम इथं येतो. तिथं नियमच नसेल तर इथला कायमचा गेला. नियम लावला होता पण आता दिसत नाही, या तक्रारीचं कारण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा हेच निघालं. कालची शीट आज उचलून चिकटवायची सवय असेल तर नियम चाळणीसारखा होतो: दहा ओळींना आहे, तीन ओळींना नाही, पुढच्या वीसना आहे.

चाळणीची भोकं दाखवायची सोय एक्सेलमध्ये आहे. एफ-५ दाबा, 'स्पेशल' मध्ये जा, 'डेटा व्हॅलिडेशन' आणि 'ऑल' निवडा. नियम असलेले सगळे सेल एका झटक्यात निवडले जातात. जे निवडलेले नाहीत तिथून नियम उडालाय. 'सेम' निवडलं तर हातातल्या सेलशी अगदी जुळणारे नियम असलेलेच दाखवतो, सूत्रात कुणी बदल केला असेल तर तोही यातून उघडा पडतो. दुरुस्तीसाठी नियम नव्यानं लिहायची गरज नाही. धड सेल कॉपी करा, पूर्ण रकाना निवडा, 'पेस्ट स्पेशल' मध्ये 'व्हॅलिडेशन' निवडा. आकडे जसेच्या तसे राहतात, नियम सगळीकडे बसतो.

आता आधीच आत घुसलेल्यांचं काय? 'डेटा व्हॅलिडेशन' च्या बाणाखाली 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' आहे. नियमात न बसणाऱ्या सेलभोवती लाल वर्तुळं काढतो. ही एकच जागा जिथं जुन्या नोंदी नियमाशी ताडल्या जातात. एका वेळी २५५ पर्यंतच वर्तुळं काढतो, पण २५५ चुका निघाल्या तर वर्तुळं मोजत बसण्याआधी बोलायला हवं अशा वेगळ्या गोष्टी असतात.

शीट प्रोटेक्ट केली की पेस्ट थांबेल, असा सल्ला सगळीकडे मिळतो. नाही थांबत. नोंदीचे सेल अनलॉक ठेवावेच लागतात, आणि अनलॉक सेलवर पेस्ट चालतं. उलट लॉक असलेला सेल कॉपी करून तिथं चिकटवला तर लॉकही सोबत येतं आणि दुसऱ्या दिवशी संकलकाला त्या सेलमध्ये काहीच टाकता येत नाही.

'गाय' आणि 'गाय '

नियम कधी उलट्या बाजूनंही मोडतो: बरोबर नोंदसुद्धा अडवतो. जनावर 'गाय' दिसतंय, फॅट ४.१ आहे, तरी स्टॉप. बहुतेक वेळा 'गाय' च्या मागं एक स्पेस चिकटलेली असते. 'लेन' फंक्शननं लांबी मोजा. 'गाय' ची लांबी ३ यायला हवी: ग, काना, य. 'म्हैस' ची ५: म, हलन्त, ह, दोन मात्रांचं एकच चिन्ह, स. याहून एक जरी जास्त आलं तर आत काहीतरी लपलंय. साधी स्पेस 'ट्रिम' नं जाते. वेबवरून उचललेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते, क्रमांक १६० ची, तिला ट्रिम हात लावत नाही. ती 'सब्स्टिट्यूट' नं काढावी लागते. मराठी कीबोर्ड कधी कधी जोडाक्षरात न दिसणारं चिन्हही सोडून जातात, तेही 'लेन' मध्येच सापडतं.

यावर औषध म्हणजे जनावर टंकूच द्यायचं नाही, ड्रॉपडाऊन द्यायचा. 'अलाऊ' मध्ये 'लिस्ट'. दोनच शब्दांची यादी, ती वेगळ्या सेलमध्ये ठेवून तिकडं बोट दाखवा.

एक उलटी चूकही सांगून ठेवतो. नियमात फक्त खालची मर्यादा लिहिली, समजा लिटर ०.५ पेक्षा जास्त, तर तिथं 'चार' हा शब्दसुद्धा आत जातो. एक्सेलच्या हिशेबात कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. एकतर 'कस्टम' ऐवजी 'डेसिमल' हा प्रकार निवडा, किंवा सूत्रात 'इजनंबर' जोडा. तारखेची तऱ्हाही अशीच. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल तर १३/०६ ही तारीख मजकूर ठरते, आणि "आजच्या पुढची तारीख नको" हा नियम ती अडवतो. ०५/०६ मात्र ६ मे होऊन सुखानं आत जाते. मांडणी 'इंग्लिश (इंडिया)' करून घ्या आणि विषय संपवा.

मागून बदललेली गाय

आता जो प्रश्न अजूनही पूर्ण सुटलेला नाही तो. फॅट ६.८, जनावर म्हैस. नियम पास. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, किंवा चुकून बोट लागलं, आणि जनावर 'गाय' झालं. फॅटवरचा नियम फॅट टंकताना चालला होता. जनावर बदललं तेव्हा तो झोपलेला असतो. आता गायीला ६.८ फॅट लागलंय आणि कुठंही लाल नाही.

वाटलं, जनावराच्या रकान्यावरही उलटा नियम लावू. पण एका सेलला एकच नियम, आणि तिथं आधीच ड्रॉपडाऊन आहे. मग एक युक्ती केली. ड्रॉपडाऊनच्या स्रोतात सूत्र दिलं: =इफ($एफ२="", $एन$२:$एन$३, $एन$४). एन२ आणि एन३ मध्ये गाय आणि म्हैस, एन४ मध्ये "आधी फॅट पुसा". फॅट भरलेलं असेल तर ड्रॉपडाऊनमध्ये ते एकच वाक्य दिसतं. मी खूश झालो. आठवड्यानं 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' चालवलं तर जनावराचा रकानाभर वर्तुळं! बरोबरच होतं त्याचं. फॅट भरल्यावर 'गाय' हा शब्द यादीत उरतोच कुठं? छोट्या फाइलीत ही युक्ती चालेल, पण वर्तुळांचा उपयोग गमवावा लागतो. मी ती काढून टाकली.

एसएनएफचीही गोम तशीच. तो फॅट आणि सीएलआरवरून सूत्रानं निघतो, आणि सूत्राच्या उत्तराला व्हॅलिडेशन लागतच नाही. तिथं नियम लावून उपयोग शून्य. नियम सीएलआरवर लावा, जो हातानं भरला जातो.

म्हणून शेवटी एक जास्तीचा रकाना घातला, 'तपासणी', के मध्ये. तो दारावर उभा नाही, घरात फिरतो:

=इफ(ई२="", "", इफ(ऑर(अँड(डी२="गाय", एफ२>=३, एफ२<=५.५), अँड(डी२="म्हैस", एफ२>=५, एफ२<=१०)), "", "तपासा"))

लिटर भरलंय आणि बाकी जुळत नाही, की "तपासा". टंकलेलं असो, चिकटवलेलं असो, मागून बदललेलं असो, याला फरक पडत नाही, कारण हे साधं सूत्र आहे आणि काहीही बदललं की पुन्हा चालतं. त्यावर कंडिशनल फॉरमॅटिंग (अटीप्रमाणे सेल रंगवायची सोय) लावून पूर्ण ओळ लाल केली. एकाच तारखेला, एकाच सत्रात, त्याच कोडची, त्याच जनावराची दोनदा नोंद झाली का, तेही 'काउंटइफ्स' नं इथंच बघता येतं. व्हॅलिडेशनच्या खिडकीत सूत्राला २५५ अक्षरांची मर्यादा असते, इथं ती अडचण नाही. हा एक रकाना मात्र लॉक ठेवा आणि शीट प्रोटेक्ट करा, नाहीतर पेस्टच्या लोंढ्यात तोही वाहून जाईल.

आणि बिलाच्या शीटवर बेरजेच्या जागी (रकान्यांच्या आधी नोंदींच्या शीटचं नाव जोडून):

=इफ(काउंटइफ(के२:के२०००, "तपासा")>०, "आधी नोंदी तपासा", सम(जे२:जे२०००))

एकही लाल ओळ असेल तर एकूण रक्कम दिसतच नाही. पहिल्या वेळी सचिवांचा फोन आला, "बेरीज कुठं गेली?" तेव्हा तीन ओळी निघाल्या, तिन्ही पेस्टच्या. तेव्हापासून ३८ चं फॅट बिलापर्यंत गेलेलं नाही. ५ ते ५.५ या पट्ट्यात मात्र गाय आणि म्हैस दोन्ही बसतात, तिथं चुकलेलं जनावर कुठलंच सूत्र पकडणार नाही. त्या ओळींना मी फक्त पिवळा रंग दिलाय, संकलक एकदा डोळ्याखालून घालतो. काही जण गायीची आणि म्हशीची शीटच वेगळी ठेवतात. खरं सांगायचं तर अटच उरत नाही, त्यामुळं तो मार्ग सगळ्यात चांगला. आमच्याकडे एकाच रांगेत दोन्ही दुधं येतात आणि पहाटे टॅब बदलायला कुणाला वेळ नसतो, म्हणून जमलं नाही.

गूगल शीट्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथंही 'डेटा' मेनूत 'डेटा व्हॅलिडेशन', नियमात 'कस्टम फॉर्म्युला इज', आणि सूत्र तेच. फक्त 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून 'रिजेक्ट द इनपुट' निवडलंय ना ते बघा. 'शो अ वॉर्निंग' असेल तर कोपऱ्यात लाल त्रिकोण दिसतो आणि आकडा आत जातो. पेस्ट करताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही ची सवय लावा, म्हणजे फक्त आकडे येतील आणि नियम शाबूत राहील. उडालेला नियम परत बसवायला 'पेस्ट स्पेशल' मध्ये 'डेटा व्हॅलिडेशन ओन्ली' आहे. तपासणीचा रकाना तिथंही तसाच चालतो.

आणि 'डेटा व्हॅलिडेशन' चं बटणच फिकट दिसत असेल, दाबलं जात नसेल, तर एवढं सगळं करायच्या आधी शीट प्रोटेक्ट केलेली आहे का ते बघा. 'रिव्ह्यू' टॅबमध्ये 'अनप्रोटेक्ट शीट' लिहिलेलं दिसलं तर तेच कारण. पासवर्ड कुणी ठेवला होता ते आठवत नाही, हे आमच्याकडे दोनदा झालंय. आता तो हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय.